औषध आणि औचित्य

साहित्यशास्त्रांत 'औचित्य' या शब्दाला मोठा मान आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें तर औचित्य हाच काव्याचा प्राण मानला, आणि गुण, अलंकार, रस हे सारे आपापल्या जागीं असतील तरच शोभतात, असा सिद्धान्त मांडला. वैद्यकाशीं या शब्दाचा संबंध काय, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटणें स्वाभाविक आहे. परंतु गेल्या पाऊणशें वर्षांत जगांतील मोठमोठ्या रुग्णालयांतून ज्या एका प्रश्नानें विचारी डॉक्टरांची झोंप उडविली आहे, तो प्रश्न मूलतः औचित्याचाच आहे. जंतूंचा नाश करणारीं जीं औषधें आज 'प्रतिजैविकें' या नांवानें ओळखलीं जातात, तीं गुणकारी आहेत कीं नाहींत, हा वाद केव्हांच मिटला. तीं कोणाला, केव्हां, किती मात्रेनें व किती दिवस द्यावीं, आणि मुख्य म्हणजे कोणाला मुळींच देऊं नयेत, हा वाद मात्र अद्यापि मिटलेला नाहीं. आम्ही वैद्यकाचे नव्हे, इतिहासाचे विद्यार्थी आहोंत. आणि आमची अशी समजूत आहे कीं, या प्रश्नाचें मर्म औषधांच्या गुणधर्मापेक्षां त्यांच्या वापराच्या इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतें. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत १९२८ सालीं पेनिसिलीनचा शोध लागला, ही गोष्ट आज शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. परंतु त्या बुरशीच्या रसापासून रोग्याला टोंचतां येईल असें औषध बनविण्याचें श्रेय ऑक्सफर्ड येथील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली व त्यांचे सहकारी यांचें आहे. १९४१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं तेथील रॅडक्लिफ इन्फर्मरींत खितपत पडलेल्या एका पोलीस शिपायाला तें दिलें. त्याच्या चेहऱ्यावर व डोक्यावर गळवें झालीं होतीं, जंतु सर्वांगांत पसरले होते, आणि एक डोळा काढावा लागला होता. थोड्याच दिवसांत त्याचा ताप उतरला, भूक परतली, आणि हा मनुष्य मृत्यूच्या दारांतून परत येणार असें सर्वांना वाटूं लागलें. पण जवळचें औषध संपलें. त्याच्या लघवींतून बाहेर पडणारें पेनिसिलीन गोळा करून, तें शुद्ध करून पुन्हां त्यालाच देण्यापर्यंत त्या मंडळींनीं प्रयत्नांची पराकाष्ठा केली. तरीहि तें पुरलें नाहीं, आणि मार्चच्या मध्यास तो दगावला. आज जें औषध कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतें, त्याच्या कणाकणाचें मोल एकेकाळीं असें होतें.

याच मंडळींपैकीं चेन आणि एडवर्ड एब्रहम या दोघांनीं, त्या शिपायाला औषध टोंचण्यापूर्वींच, म्हणजे डिसेंबर १९४० मध्यें, 'नेचर' या नियतकालिकांत एक छोटेंसें पत्र प्रसिद्ध केलें होतें. पेनिसिलीनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतु स्वतःच तयार करतात, असें त्यांना आढळून आलें होतें. म्हणजे शस्त्र रणांगणावर येण्यापूर्वींच त्याच्यावरचा उतारा शत्रूच्या गोटांत होता, आणि तो तेथें आहे हें शस्त्र घडविणाऱ्यांनींच जगाला सांगितलें होतें. पुढें जें घडलें तें अज्ञानामुळें घडलें, अशी सबब म्हणूनच कोणालाहि सांगतां येण्यासारखी नाहीं.

महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत सैन्याची गरज भागून जें थोडें पेनिसिलीन उरे, त्याच्या वांटपाचें काम बॉस्टनचे डॉ. चेस्टर कीफर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोंपविलेलें होतें. एखाद्या डॉक्टराला आपल्या रोग्यासाठीं औषध हवें असल्यास रोग्याच्या प्रकृतीची सारी हकीकत त्याला कळवावी लागे; आणि औषध मिळालें तर त्याचा परिणाम काय झाला, याचा अहवालहि पाठवावा लागे. ज्या रोगांवर पेनिसिलीनचा कांहीं उपयोग नाहीं, त्यांच्यासाठीं कितीहि कळकळीची विनंती आली तरी ती नाकारली जाई. प्रत्येक मात्रेच्या मागें एक प्रश्न, एक उत्तर आणि एक लेखी नोंद होती. औचित्याचा हा पहिला धडा दारिद्र्यानें शिकविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें एकच बाजू सांगून थांबूं नये. ही समितीहि चुकली. हृदयाच्या झडपांवर जंतु बसून होणारा एक विकार त्या काळीं बहुतेक असाध्यच होता. आरंभींच्या लहान मात्रांनीं त्याला गुण येत नाहीं असें दिसल्यावर, दुर्मिळ औषध त्या रोग्यांवर खर्चूं नये, असें समितीनें ठरविलें. ब्रुकलिन येथील डॉ. लिओ लोवे यांनीं मात्र हार मानली नाहीं. औषध बनविणाऱ्या एका कारखान्याकडून त्यांनीं अधिक पुरवठा मिळविला, बऱ्याच मोठ्या मात्रा दिल्या, आणि आपले रोगी बरे झाल्याचें १९४४ सालीं प्रसिद्ध केलें. नियम घालणाऱ्यांनीं हा प्रसंग कधींहि विसरूं नये. पुराव्यानें बदलणारा नियमच नियम या नांवाला शोभतो. जो बदलत नाहीं, तो केवळ हट्ट होय.

युद्ध संपत आलें आणि दुष्काळाची जागा सुकाळानें घेतली. मार्च १९४५ पासून अमेरिकेंत पेनिसिलीन सामान्य औषधदुकानांतून मिळूं लागलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक स्वीकारतांना फ्लेमिंग यांनीं जो इशारा दिला तो सुप्रसिद्ध आहे. कोणी अजाण मनुष्य घरच्या घरीं थोडेंसें पेनिसिलीन घेईल, त्या अपुऱ्या मात्रेनें जंतु मरणार तर नाहींतच, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतील, आणि तेच जंतु पुढें दुसऱ्याचा प्राण घेतील, असा त्याचा आशय होता. इंग्लंडांत १९४७ सालीं कायदा होऊन डॉक्टराच्या चिठ्ठीशिवाय पेनिसिलीन विकण्यास बंदी झाली. अजाणांच्या हातून औषध काढून तें जाणत्यांच्या हातीं दिलें म्हणजे प्रश्न सुटला, असें त्या वेळीं बहुतेकांना वाटलें असावें.

तो सुटला नाहीं. कारण संकट आलें तें जाणत्यांच्याच घरून आलें. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ बाईंनीं रोग्यांच्या जखमांतून मिळणाऱ्या स्टॅफिलोकोकस नांवाच्या जंतूंची पद्धतशीर मोजदाद केली. १९४६ सालीं शंभरांपैकीं सुमारें १४ जंतु पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ सालीं ३८. आणि १९४८ सालीं ५९. अवघ्या दोन-तीन वर्षांत, सुशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, एका नामांकित संस्थेंत हें घडलें. बार्बरबाईंच्या निष्कर्षांतील खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक रोग्याच्या अंगांतले जंतु त्याच्या औषधानें निर्ढावत होते, असें नव्हतें. मूळचेच न दबणारे असे थोडे जंतु होते. पेनिसिलीननें त्यांचे दुबळे भाऊबंद नाहींसे केले, मैदान मोकळें झालें, आणि तेच जंतु एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरत गेले.

या शोधाचा नैतिक अर्थ फार मोठा आहे. तोंवर औषधयोजना हा डॉक्टर आणि रोगी या दोघांमधला व्यवहार मानला जात असे. औषध चुकलें तर ज्याचें त्याला भोगावें लागेल, अशी कल्पना होती. आतां दिसून आलें कीं, या व्यवहारांत एक तिसरा मनुष्यहि आहे. तो शेजारच्या खाटेवर निजलेला आहे; किंवा उद्यां, परवां, पुढच्या वर्षीं त्याच खाटेवर येणार आहे. त्याला कोणी विचारलेलें नाहीं, आणि चुकीचें देणें मात्र त्याच्याच नांवें मांडलें जातें. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, ही आपली जुनी म्हण येथें जशी लागू पडते तशी क्वचितच कोठें पडत असेल.

आणि ज्याला औषध दिलें त्याची तरी धडगत होती काय? क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा इतिहास पाहावा. १९४८ सालीं मलायांत कुआलालंपूर येथें विषमज्वराच्या रोग्यांवर त्याचा प्रयोग झाला, आणि ज्या मुदतीच्या तापांत घरचीं माणसें तीन-तीन आठवडे उशाशीं दिवस मोजीत बसत, तो थोड्या दिवसांत उतरूं लागला. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट चमत्कारासारखी वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु जें विषमज्वरासाठीं प्राणदायक ठरलें, तें लवकरच वाटेल त्या तापाला, खोकल्याला आणि घसादुखीला दिलें जाऊं लागलें. १९५२ च्या सुमारास असें ध्यानांत आलें कीं, हें औषध घेणाऱ्यांपैकीं थोड्या जणांच्या शरीरांतील रक्त तयार होण्याची क्रियाच थांबते, आणि तो विकार बहुधा प्राणघातक असतो. विषमज्वराच्या रोग्यानें हा धोका पत्करणें शहाणपणाचें होतें. पडशाच्या रोग्याला त्यांत लोटणें हा अन्याय होता. औषध एकच, धोकाहि एकच. फरक होता तो केवळ औचित्याचा.

याहूनहि दारुण प्रकार पुढें उघडकीस आला. अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनीं, दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या आणि जंतूंचा संसर्ग होण्याचा संभव असलेल्या बालकांची पाहणी १९५९ सालीं प्रसिद्ध केली. अशा बालकांना रोग होऊं नये म्हणून आधींच प्रतिजैविकें देण्याची चाल होती. त्यांनीं बालकांचे चार गट पाडले. ज्यांना कांहींच औषध दिलें नाहीं, आणि ज्यांना पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन दिलें, त्या दोन्ही गटांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा वीसाच्या आंतच राहिलें. ज्या दोन गटांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलें, त्यांत तें शेंकडा साठ व त्याहूनहि वर गेलें. त्या कोंवळ्या जिवांच्या यकृतांत तें औषध पचविण्याची शक्तीच आलेली नव्हती. येथें कोणाचा हलगर्जीपणा नव्हता, लोभ नव्हता, अज्ञानाचा गर्वहि नव्हता. होती ती केवळ काळजी. कांहीं न करण्यापेक्षां कांहीं तरी केलेलें बरें, ही ममतेची भाषा त्या बालकांच्या मुळावर आली. अनुचित औषधयोजनेचें मूळ दुष्टपणांत शोधणाऱ्यांनीं हा प्रसंग अवश्य ध्यानांत ठेवावा.

महाभारतांतील कर्णाची वासवी शक्ति वाचकांस आठवत असेल. ती एकदांच वापरतां येण्यासारखी होती आणि अर्जुनासाठीं राखून ठेवलेली होती. पण रात्रीच्या युद्धांत घटोत्कचानें दाणादाण उडविली, स्वपक्षीयांचा आक्रोश कानीं पडूं लागला, आणि ती घटोत्कचावरच खर्च झाली. कर्णाला दोष देणें सोपें आहे. पण त्या रात्रीं त्याच्या जागीं असतां आपण काय केलें असतें, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारावें. रुग्णालयांतील मध्यरात्र अशीच असते. समोर तापानें फणफणलेला रोगी, दाराशीं नातलगांचा घोळका, जंतूंची तपासणी हातीं येण्यास अजून दोन दिवस, आणि निर्णय घेणारा बहुधा सर्वांत तरुण डॉक्टर. अशा वेळीं कपाटांतलें सर्वांत जालीम औषध काढण्याचा मोह एकट्याच्या विवेकानें आवरेल, ही अपेक्षाच अवास्तव होय.

हॅमरस्मिथच्या पुढील इतिहासाचें महत्त्व येथेंच आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या रुग्णालयांत एक शिस्त घालून दिली. पेनिसिलीनचा सरसकट वापर बंद केला. एकंदर प्रतिजैविकांच्या वापरालाच मर्यादा घातल्या. जेथें तीं देणें अवश्य, तेथें जंतूंना निसटण्यास वाव राहूं नये म्हणून दोन औषधें जोडीनें देण्याचा प्रघात पाडला. आणि संसर्ग एका खाटेवरून दुसरीकडे जाऊं नये म्हणून स्वच्छतेचे नियम कडक केले. १९६० सालीं त्यांनीं या प्रयोगाचें फळ जाहीर केलें: पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या जंतूंचें प्रमाण खरोखरच उतरलें होतें. निर्ढावलेले जंतु कायमचे निर्ढावलेले राहतात, ही निराशेची समजूत त्यामुळें खोटी ठरली. एकट्या डॉक्टराला जें साधत नाहीं, तें संस्थेनें ठरविलें म्हणजे साधतें, याचा हा बोलका पुरावा होय.

योगायोग असा कीं, त्याच १९६० सालीं मेथिसिलीन हें नवें औषध इंग्लंडांत विक्रीस आलें. पेनिसिलीनचा नाश करणाऱ्या जंतूंवरहि तें चालत असे. आतां संयमाची कटकट कशाला, असें अनेकांना वाटलें असेल. पण पुढल्याच वर्षीं, १९६१ मध्यें, लंडनजवळच्या कॉलिंडेल येथील प्रयोगशाळेंत पॅट्रिशिया जेव्हन्स यांना मेथिसिलीनलाहि न जुमानणारे जंतु आढळले. शिस्तीनें मिळणारें यश सावकाश आणि अनाकर्षक असतें. नव्या औषधाचें यश झगझगीत पण अल्पायुषी ठरतें. दुर्दैवानें जगानें बराच काळ दुसऱ्याचीच वाट पाहिली.

औषध उचित होतें कीं अनुचित, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा मान अमेरिकेंतील कॅल्व्हिन क्यूनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जातो. १९७३ सालीं त्यांनीं रुग्णालयांतील औषधयोजनांच्या पांच प्रती मांडल्या. पहिलींत औषध सर्वस्वी योग्य. दुसरींत तें वादग्रस्त, पण प्राणावर बेतण्याचा संभव असल्यानें मान्य. तिसरींत औषध हवें होतें, पण त्याहून स्वस्त किंवा कमी अपायकारक असें दुसरें. चौथींत औषध बरोबर, पण मात्रा बदलावयास हवी. आणि पांचवींत औषध देण्याचें मुळीं कारणच नव्हतें. विषाणूंमुळें आलेल्या तापाला प्रतिजैविक देणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. त्याची जागा या पांचव्या प्रतींत.

या पद्धतींत आम्हांला विशेष आवडलेली गोष्ट अशी कीं, रोगी बरा झाला कीं दगावला यावर येथें निकाल अवलंबून नाहीं. पुष्कळ रोगी औषधाशिवायहि बरे होतात, आणि उत्तम औषध देऊनहि कांहीं जातात. निर्णय घेतेवेळीं डॉक्टरापुढें काय पुरावा होता, आणि त्या पुराव्यावरून हा निर्णय निघत होता काय, एवढेंच पाहावयाचें. इतिहासकारानेंहि गतकालीन पुरुषांचा न्याय याच रीतीनें करावयाचा असतो. परंतु असा न्याय करावयाचा तर पुरावा शिल्लक राहिला पाहिजे. औषध कां दिलें आणि तें केव्हां थांबवावयाचें, हें रोग्याच्या कागदावर लिहिलेलेंच नसेल, तर औचित्याची चर्चा सुरूच होऊं शकत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या देशांत सरकारी कारखान्यांतून पेनिसिलीन तयार होऊं लागलें. ज्या देशांत औषधावांचून माणसें मरत, तेथें ही गोष्ट अभिमानाचीच होती. परंतु सुकाळाबरोबर येणारा प्रश्न आपल्याकडेहि आला. सरकारनें २०१३ सालीं औषधनियमांत 'एच-१' ही नवी अनुसूची घातली. तींतील औषधें चिठ्ठीशिवाय विकूं नयेत, डॉक्टर, रोगी व औषध यांची वेगळी नोंदवही ठेवावी, आणि ती तीन वर्षें जपावी, असें ठरलें. हा बंध दुकानदारावर होता. रुग्णालयाच्या आंत काय चालतें, हें पाहण्यासाठीं राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रानें २०२१-२२ मध्यें देशांतील २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. शंभर रोग्यांपैकीं सुमारें ७२ जणांना प्रतिजैविकें चालू होतीं. अर्ध्याहून अधिक वेळां तीं आलेल्या रोगासाठीं नव्हे, तर रोग येऊं नये म्हणून दिलेलीं होतीं. आणि जेथें तीं उपचारासाठीं होतीं, तेथें जंतूची निश्चित ओळख पटवून दिल्याचें प्रमाण शेंकडा ६ होतें.

या आंकड्यांवरून एकदम संतापणें योग्य नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वीं दिलेली एखादी मात्रा शास्त्रसंमतच असते. जंतूंनीं रक्तांत ठाण मांडलें असतां तपासणीची वाट पाहत बसणें हा गुन्हा ठरेल. आणि ज्या रुग्णालयांत जंतूंची तपासणी करण्याची सोयच अपुरी आहे, तेथल्या डॉक्टरानें अंदाजानें चालावें हें क्रमप्राप्त आहे. डॉक्टराच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, असा आक्षेपहि कांहीं केवळ अहंकारानें घेतला जात नाहीं. कीफर समितीची चूक आम्हीं वर सांगितलीच आहे. परंतु औषध सुरू करण्याची घाई क्षम्य असली, तरी तें चालूच ठेवण्याचें त्यावरून समर्थन होत नाहीं. दोन-तीन दिवसांनीं तपासणीचे निकाल येतात, रोग्याची प्रकृति आपली दिशा दाखविते, आणि तेव्हां कागद पुन्हां उघडून हें औषध आतां हवें काय, याहून साधें चालेल काय, असें विचारण्याला कोणतीहि मध्यरात्र आड येत नाहीं. तेथें आड येते ती केवळ संवय, आणि संवय मोडण्याचें काम उपदेशानें होत नसतें. त्यासाठीं जंतुतपासणीची प्रयोगशाळा हवी, लेखी नोंद हवी, ती वाचणारा वडील सहकारी हवा, आणि तरुण डॉक्टरानें औषध थांबविलें तर त्याच्या पाठीशीं उभी राहणारी संस्था हवी.

१९४१ सालीं ऑक्सफर्डच्या त्या शिपायाचा प्राण गेला, तो औषध उरलें नाहीं म्हणून. आज एखाद्या रोग्याच्या उशाशीं औषधांच्या बाटल्यांची रांग असते, आणि तरीहि त्यांतलें एकहि चालत नाहीं, असे प्रसंग रुग्णालयांतून घडूं लागले आहेत. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीनें या दोन मृत्यूंत कोणताच फरक नाहीं. पहिला टाळणें त्या काळच्या लोकांच्या हातांत नव्हतें. दुसरा टाळणें पुष्कळ अंशीं आपल्या हातांत आहे. दारिद्र्यानें जो विवेक जबरदस्तीनें शिकविला, तोच समृद्धींत स्वखुषीनें पाळावयाचा आहे. तो पाळणें डॉक्टरांना सोपें जावें म्हणून, चिठ्ठींत औषध थोडें दिसलें तर खट्टू न होण्याची संवय आपणां रोग्यांना आणि नातलगांनाहि लावून घ्यावी लागेल.